साहेबांचा सस्नेह नमस्कार

आमचे हे कोणाला 'प्रिय' म्हणाले तर समजावं, एक तर यांना ताप भरलाय, नाहीतर बोलणारा माणूसच दुसरा आहे. लग्न होऊन अमडापुरात आले तेव्हा महिनाभरात हे माझ्या लक्षात आलं होतं. तेच पुढे कामी येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

हे म्हणजे भगवंतराव. कृषी सहायक म्हणून सगळी नोकरी याच भागात गेली. गाव त्यांना अजून साहेबच म्हणतं. आधी मोटरसायकलवरून वावरावावरात जाऊन ओरडायचे. रिटायर झाले, मोबाईल आला आणि मग घरबसल्या ओरडण्याची सोय झाली. व्हॉट्सॲपवर त्यांनी 'पऱ्हाटी अमडापूर' नावाचा ग्रुप काढला. आमच्याकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. ग्रुपवर अर्धं गाव. पहिल्याच आठवड्यात लोकांनी गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ टाकायला सुरुवात केली, तेव्हा हे असे खवळले की ग्रुपला कुलूपच लावून टाकलं. तिथे लिहिणार ते एकटेच, बाकीच्यांनी फक्त वाचायचं. त्यांचे मेसेज असे असायचे : 'गाढवांनो, एक जूनच्या आत सरकी टोकली तर अळीला जेवायचं आमंत्रण दिलं समजा. समजलं का?' शेवटी 'समजलं का' हवंच, जशी काही ती त्यांची सही.

अळीशी त्यांचं भांडण जुनं होतं. बीटी बियाणं आलं तेव्हा सगळा मुलूख खूश झाला. बोंडअळी त्या झाडाला तोंड लावायची आणि मरायची. फवारणी कमी झाली, लोक निवांत झोपू लागले. पण त्या वेळी बीटीच्या पाकिटासोबत साध्या सरकीचं एक छोटं पाकीट यायचं. ते धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या कडेनं चारी बाजूंनी लावायचं असे. हे पाकीट का लावायचं ते हे जीव तोडून सांगायचे आणि लोक ते पाकीट उकिरड्यावर फेकायचे. चांगल्या वावरात मुद्दाम किडकं पीक कोण लावणार! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी वर्षानुवर्षं पाहिलं. आणि मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. बीटीच्याच बोंडात गुलाबी अळ्या निघाल्या. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली. वेचायला काही उरलंच नव्हतं. त्या वर्षी यांनी कोणाला 'मी सांगत होतो' असं एका शब्दानं म्हटलं नाही. नुसते ओट्यावर बसून राहायचे, समोर वाढलेलं ताट निवायचं. मला त्यांचा इतका राग यायचा आणि इतकी कीव यायची की काय सांगू.

साऱ्या गावात धुऱ्यावर साधी सरकी लावणारी एकच बाई होती, सुगराबी. तिचा नवरा अन्वरभाई मलकापूरला जिनिंगवर कामाला, त्यामुळे वावर सुगराबी आणि तिची सून शाहीन बघायच्या. अळी तिच्याही वावरात आली. अळीला काय, सगळं शिवारच एक. तिचं बरंच गेलं, पण तिनं धुरा सोडला नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा चारी बाजूंनी साधी सरकी. लोक हसायचे. हे मात्र त्या वाटेनं जाताना स्कूटी हळू करायचे.

आता नेटचं. आमची समीक्षा पुण्यात एका कंपनीत आहे. तिचं म्हणणं, "आई, आता सगळं खूप सुरक्षित झालंय. कोड आल्याशिवाय पान हलत नाही." गावचं म्हणणं वेगळं. गावात कोणी म्हणे नेटवरचं सगळंच खोटं असतं, कोणी म्हणे नेटवर आलंय म्हणजे खरंच असणार, आणि बऱ्याच जणांचं म्हणणं असं की आपल्याजवळ आहेच काय चोरायला. शाळेत पोलिसांनी एकदा मोबाईलच्या फसवणुकीवर कार्यक्रम घेतला, तेव्हा यांनी उठून स्वतःच वेगळं भाषण दिलं. बँकेचा कोड बायकोलाही सांगायचा नाही म्हणाले. मी पुढच्याच रांगेत बसले होते.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! बोंडअळीनंतरचा दुसरा उन्हाळा होता, मे महिना. मी गच्चीवर कुरडया घालत होते. अन्नपूर्णाबाई शेजारून मदतीला आली होती. खाली यांच्या फोनवर नांदुऱ्याच्या नारायणरावांचा मेसेज आला. नारायणराव म्हणजे यांचे नोकरीतले जुने सोबती. 'भाऊ, माझा एक कोड चुकून तुमच्या फोनवर आला, तेवढा पाठवा.' यांनी पाहिलं, खरंच कोड आला होता. दिला पाठवून. थोड्या वेळानं यांचं व्हॉट्सॲप बंद पडलं. रेंज नसेल म्हणून यांनी फोन उशाशी ठेवला आणि पंख्याखाली ताणून दिली.

कुरडयांचा घाणा संपल्यावर मी सावलीत टेकले आणि माझा फोन काढला. 'पऱ्हाटी अमडापूर'वर मेसेज होता. यांचं नाव, यांचाच टोपीतला फोटो. 'माझ्या प्रिय शेतकरी बंधू-भगिनींनो, सस्नेह नमस्कार. बोंडअळीला शंभर टक्के दाद न देणारं नवं बियाणं आलं आहे. मी स्वतः खात्री केली आहे. पाकिटं मोजकी आहेत, आजच नोंदणी करावी. या बियाण्याला धुऱ्यावर साधी सरकी लावण्याची गरज नाही.' खाली पैसे पाठवायचा नंबर.

मी ते दोनदा वाचलं. मग अन्नपूर्णाबाईला वाचून दाखवलं.

"सस्नेह?" ती म्हणाली. "भाऊजी म्हनले हे?"

"माह्यासंग इतकी वर्षं संसार केला," मी म्हटलं, "मले एकदाबी सस्नेह केलं नाही त्या मानसानं."

आणि तशीच पिठाचे हात घेऊन खाली पळाले.

यांना उठवलं, मेसेज दाखवला. ते वाचत गेले आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. राग आला की त्यांच्या पाळ्या आधी लाल होतात. पण शेवटच्या ओळीवर आले आणि चेहरा एकदम उतरला.

"धुऱ्याची गरज नाही," ते म्हणाले. "माह्या नावानं."

"तुमी कोनाले कोड देल्ला का?"

"नारायणरावाले. पन तो बँकेचा नोता वं! बँकेचा असता तं देल्ला असता का मी?"

त्यांनी नारायणरावांना फोन लावला. ते बिचारे म्हणाले, "कायचा कोड? माह्यं व्हॉट्सॲप तं कालपासून बंद हाये." म्हणजे आधी चोर त्यांच्या घरात शिरला आणि मग त्यांचा सदरा घालून आमच्या दारात आला. समीक्षाला फोन लावला. ती म्हणाली, बाबा, खातं परत मिळेल, पण चोरानं त्यावर स्वतःचं दुसरं, गुप्त आकड्यांचं कुलूप लावलंय, आठवडाभर थांबावं लागेल. तोवर ग्रुपवर लिहून सगळ्यांना सावध करा. आता ग्रुपवर लिहिणार कोण? लिहायची मुभा एकट्या भगवंतरावांना, आणि भगवंतराव आता चोर होता. कुलूप यांनीच लावलेलं.

"फोन लावा एकेकाले," मी म्हटलं. "आधी जे पटकन पैसे धाडतीन त्याईले."

ते वाण्यासारखे मांडी घालून बसले आणि फोन लावू लागले. मी शेजारी बसून ऐकत होते. मला भीती एकच. बोंडअळीच्या वर्षातून लोक आत्ता कुठे वर येत होते. त्यांनी यांच्या नावावर विश्वास ठेवून खोटं बियाणं घेतलं असतं, तर हा माणूस पुन्हा ओट्यावर जाऊन बसला असता आणि या वेळी मी त्याला तिथून उठवू शकले नसते.

पहिला फोन ऋत्विकला. शिकलेला पोरगा, बापाची शेती करतो.

"मेसेज?" ऋत्विक म्हणाला. "साहेब, राग नका मानू, मी तं तो ग्रुप मुकाच करून ठेवला आहे. उघडतच नाही."

"कधीपासून बे?"

"सुरवातीपासून."

मग पंचफुलाला लावला. तिनं मेसेज वाचला होता.

"पैसे पाठवले का?" यांनी घाईनं विचारलं.

"काऊन पाठवू जी? तुमचं आजलोक ऐकलं का आमी, तं आताच ऐकू?"

शालूबाई म्हणाली, साहेबाचा मेसेज आला की मी वरच्यावर पुसून टाकते, फोन भरून जाते ना. एक जण म्हणाला, आमच्या घरी तुमचे मेसेज पोट्टे वाचतात, शिव्या शिकाले. एकानं तर उलट यांनाच दम भरला, की तू भगवंतराव कशावरून, खरे साहेब असते तर आतापर्यंत दोन शिव्या दिल्या असत्या. यांनी लगेच दिल्या. तेव्हा तो माणूस म्हणाला, हो जी साहेब, बोला.

मी पदर तोंडाला लावून हसत होते. काय करणार, आवरेना. फोन होत गेले आणि उत्तर तेच येत गेलं. कोणीही पैसे पाठवले नव्हते. कोणी वाचलंच नव्हतं, कोणी वाचून सोडून दिलं होतं. सारं गाव सुखरूप होतं.

"चला, कोनीच फसलं नाही," मी म्हटलं.

"कोनीच नाही," ते म्हणाले. आणि फोन खाली ठेवून भिंतीकडे बघत बसले.

तेव्हा माझं हसू गेलं. गावाला पोलिसांच्या कार्यक्रमानं वाचवलं नव्हतं, समीक्षाच्या कोडानंही वाचवलं नव्हतं. यांचं कोणी ऐकतच नव्हतं म्हणून गाव वाचलं होतं. हे कळायला यांना एका चोराची गरज पडली. मला त्या क्षणी साऱ्या गावाचा राग आला. आपल्या माणसाला गाढव आपण म्हणावं, गावानं त्याला असं मोडीत काढू नये.

तेवढ्यात ते ताडकन उभे राहिले.

"सुगराबी," ते म्हणाले.

साऱ्या गावात यांचं ऐकणारी ती एकटी. मग फसणार कोण? तीच. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. शाहीनचा नंबर आमच्याकडे नव्हता.

"तिनं धाडले असतीन," ते म्हणाले. "ते मले विचारतबी नाही, सांगतलं की करते. विमल, स्कूटीची किल्ली कुठी हाये?"

"मीबी येते."

"ऊन पाह्य किती हाये!"

"तुमाले एकट्याले सोडू का आता? वाटेत कोनी कोड मागतला तं?"

डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघालो. मे महिन्यातली आमच्याकडची दुपार, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. हे एरवी स्कूटीवर बसले की प्रत्येक वावराकडे बोट दाखवून त्याच्या मालकाचा उद्धार करतात, त्या दिवशी कुठेच बघितलं नाही. मी मागे बसून मनातल्या मनात देवाला म्हणत होते, बाकी कोणाचं काही होऊ दे, त्या बाईचं नको. हे बरोबर नव्हतं, पण म्हणत होते खरं.

सुगराबी वावरातच होती. मागच्या हंगामातल्या उपटलेल्या पऱ्हाट्या तिनं आणि शाहीननं ढीग करून ठेवल्या होत्या. दोघी लिंबाखाली शिदोरी सोडून बसल्या होत्या. आम्हाला बघून सुगराबीनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"या साहेब, या भाभी. बसा, पानी घ्या. एवढ्या उन्हाचे काऊन आले?"

यांनी पाणीही घेतलं नाही. "सुगराबी, फोन काऊन बंद हाये तुमचा?"

"त्याची बॅटरी फुगली. माह्यं व्हॉट्सॲप शाहीनच्या फोनवर घेतलं आता. काऊन जी?"

"ग्रुपवर मेसेज आला होता. नव्या बियान्याचा. माह्या नावानं. पैसे..."

सुगराबी त्यांच्याकडे बघून खळखळून हसली. "तो चोर ना?"

मीच विचारलं, "तुमाले कसं समजलं, सुगराबी?"

"शाहीननं वाचून दाखवला. सुरवातीले वाटलं, साहेबच हाये. म्हनलं रिटायर झाले, नरम पडले असतीन. मानूस बदलते. पन मंग ते धुऱ्याचं आलं." तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "भाभी, साहेब मरून जातीन पन धुरा नको असं म्हननार नाहीत. म्या शाहीनले म्हनलं, थांब, विचार त्याले, धुऱ्यावर किती ओळी लावू? तं तो म्हने, गरज नाही ताई. मले ताई म्हने! साहेबानं मले आजलोक 'ऐक गं सुगराबी' याच्याशिवाय हाक नाही मारली."

"मंग?" यांनी विचारलं.

"मंग काय, म्या समजावलं त्याले."

"कोनाले?"

"चोराले."

शाहीन पदराआड हसायला लागली. तिनं फोन काढला आणि सासूनं त्या खात्यावर पाठवलेला आवाजाचा मेसेज लावला. आधी वाऱ्याचा आवाज आला, मग सुगराबीचा.

"हे पाह्य भाऊ, तू कोन हाये मले माहीत नाही. पन ऐक. धुऱ्याले साधी सरकी लावाच लागते. काऊन, तं अळीले साधं खायाले भेटलं पाह्यजे. साधं खाऊन वाढली ते साधीच राह्यते. साऱ्या वावरात बीटीच लावली, तं हजारात एखादी अळी ते जहर पचवून जगते. तिले जोडीदार भेटते तोबी तसाच, पचवनारा. मंग त्याईची सारी अवलाद तशीच निपजते, अन् मंग कोनतंच बियानं कामाचं राह्यत नाही. धुऱ्यावर साधी अळी असली, तं जोडी तिच्यासंग लागते अन् जहर पचवनं मोडून जाते. म्हनून धुरा. आपल्या एकट्यासाठी नाही, साऱ्या शिवारासाठी. तू चोर असशीन, पन तुह्या बापाचंबी वावर असनच कुठी ना कुठी. त्याले सांगजो, धुरा लाव म्हना. समजलं का, गाढवा?"

मेसेज संपला. लिंबाखाली फक्त मुंग्यांची रांग चालली होती.

शब्द न् शब्द यांचाच होता. हजारातली एखादी, जोडीदार, अवलाद, साऱ्या शिवारासाठी, सगळं. वर्षानुवर्षं लोकांच्या ओसरीवर, बाजारात, वावरात हेच बोलत आले होते ते. मला तर ते पाठ होऊन कंटाळा आला होता, आणि मी ते असं कधी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. यांच्याकडे बघितलं तर हे धुऱ्यावर बसले होते, मातीतच, धोतराची पर्वा न करता, आणि दुपट्ट्यानं तोंड पुसत होते. घाम पुसतायत असं दाखवत होते. कानाच्या पाळ्या साध्याच होत्या, लाल नव्हत्या.

"पुन्हा लाव वं पोरी," ते शाहीनला म्हणाले.

तिनं पुन्हा लावलं. सुगराबी लाजली. "काय चुकलं का जी साहेब त्याच्यात?"

"नाही," ते म्हणाले. "काहीच नाही चुकलं." आणि मग, "त्यानं ऐकलं का हे?"

शाहीननं फोन निरखून पाहिला. "हाव, ऐकलं त्यानं. माइकची खून निळी झाली हाये."

"पूर्न ऐकलं?"

"ते कसं सांगू साहेब. पन उत्तर काई नाही आलं त्याचं. त्यानंतर आमाले ब्लॉक केलं."

"ऐकलं असन पूर्न," हे म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "चोरानं तरी ऐकलं."

मग त्यांनी पाणी मागितलं. तांब्याभर प्यायले. सुगराबीच्या शिदोरीतली अर्धी भाकरी ठेच्यासोबत खाल्ली, आणि निघताना पऱ्हाट्यांचा ढीग वावरातच राहू दिला म्हणून तिला चांगलं झापलं. त्यात अळीचे कोष लपून राहतात म्हणे. तीही 'हो जी, हो जी' म्हणत राहिली. दोघंही खुशीत होती.

आठवडाभरानं खातं परत मिळालं. समीक्षानं फोनवरून एक एक सांगत त्याला दुसरं कुलूप लावून घेतलं. यांनी ग्रुपचं कुलूप मात्र काढून टाकलं. पुन्हा चोर शिरला तर कोणाला तरी ओरडता आलं पाहिजे म्हणाले. तेव्हापासून ग्रुपवर रोज गुलाबाची फुलं येतात आणि हे रोज दात खातात. समीक्षा म्हणते, हल्ली हे दुसरं कुलूप पुष्कळ ठिकाणी आधीच लावून देतात, कोणाला विचारतही नाहीत. कोणालाही फोन लावला की आधी ती रेकॉर्ड केलेली बाई चोरांपासून सावध राहायला सांगते. आणि धुऱ्याचं बीसुद्धा आता म्हणे पाकिटातच मिसळून देतात, लोक लावत नाहीत म्हणून. मला ते बरंच वाटतं. माणूस ऐकत नाही हे धरूनच ज्यानं बंदोबस्त केला, त्याला माणूस कळला असं माझं मत आहे. अळी शिकायची थांबणार नाही आणि चोरही थांबणार नाही. पण आपणही थोडं थोडं शिकतोच की.

गावात मात्र गोष्ट वेगळीच फिरली. साहेबाचा फोन चोरानं पळवला आणि सुगराबीनं त्याला शिव्या घालून परत आणवला, असं लोक सांगतात. सुगराबीही आता नाही म्हणत नाही.

यांनी तो आवाजाचा मेसेज शाहीनकडून मागून घेतला होता. धुऱ्याचं बी पाकिटात मिसळून आलं तरी त्याचं कारण माहीत असावं म्हणतात, आणि दर वर्षी मे संपताना तोच ग्रुपवर टाकतात. स्वतः काही लिहीत नाहीत. मग चष्मा लावून, कोणी कोणी ऐकलं ते बघत ओट्यावर बसतात. परवा मी चहा घेऊन गेले तेव्हा विचारलं, "किती जनानं ऐकलं हो औंदा?"

त्यांनी फोनवरून मान वर केली नाही.

"चोर धरून सांगू, का सोडून?" ते म्हणाले.